गाडी भरस्तोवर

जुन्या डंपरवाल्यांना बोलतं करून बघा. गाडी पळवल्याच्या गोष्टी ते फार कमी सांगतात. कुणी घाट किती वेळात उतरला, कुणी कुणाला मागे टाकलं, हे विषय लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरांचे. खाणीवर आयुष्य काढलेला माणूस सांगतो ते उभं राहिल्याचं. नंबर लागायची वाट, सुरुंगाचा बार उडायची वाट, खडी फोडणाऱ्या क्रशरचा पट्टा तुटला म्हणून वाट, साइटवरचा मुकादम जेवायला गेला म्हणून वाट. माझे मामा तर निम्मी वाक्यं 'गाडी भरस्तोवर' इथूनच सुरू करतात. गाडी भरस्तोवर दाढी केली. गाडी भरस्तोवर दोन भाकरी खाल्ल्या आणि डोळा लागला. गाडी भरस्तोवर थोरलीचं लग्न जमलं. यातलं शेवटचंही खरं आहे. व्याहीसुद्धा ड्रायव्हरच, आणि दोघांच्या गाड्या एकाच खाणीत मागेपुढे नंबरला लागल्या होत्या. बैठक एका बाभळीखाली झाली, सुपारी नंतर फुटली.

मामा पुण्याजवळच्या वाघोलीला आले बहात्तरच्या दुष्काळानंतर. गाव पाथर्डी तालुक्यातलं. त्या साली महाराष्ट्रात लाखो माणसं दुष्काळी कामांवर होती, आणि त्यातला मोठा भाग खडी फोडत होता. सुकडी खायची आणि खडी फोडायची. त्या कामांच्या अनुभवावरच पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, असं आम्ही शाळेत नागरिकशास्त्रात शिकलो. मामांना त्यातलं आठवतं ते लाकडी चौकटीने खडी मोजणारा कारकून, आणि चौकटीच्या कोपऱ्यात पोकळी राहिली की तो पायाने ढीग कसा दाबायचा, ते. ज्या पोराला खडीशिवाय दुसरं काही येत नाही, तो पुण्याला येऊन जाणार कुठे? खडीकडेच. फक्त या वेळी घण सोडून टॉमी, म्हणजे गाडीवरचा लोखंडी दांडा, हातात आली. ते एका फार्गोवर क्लीनर म्हणून लागले.

फार्गो म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेला ट्रक. तेव्हा खाणीवर अशा गाड्यांची खिचडी असायची: फार्गो, डॉज, कलकत्त्याकडच्या हिंदुस्थान मोटर्सची बेडफर्ड, मद्रासची लेलँड, आणि सगळ्यांत जास्त टाटा-मर्सिडीज. टेल्कोने १९५४ साली डाइमलर-बेंझशी करार करून ट्रक काढले. १९६९ साली तो करार संपला, गाडीच्या नाकावरची तीन टोकांची चांदणी गेली आणि तिथे टाटांचा टी बसला. मामांच्या पिढीने मात्र तिला मर्सिडीज म्हणणं सोडलं नाही. माझ्या नवऱ्याला पहिल्या भेटीत ते म्हणाले होते, "आपण निम्मं आयुष्य मर्सिडीज चालवलीय पाव्हणं," आणि तो बिचारा बराच वेळ माझ्या माहेरच्या श्रीमंतीचा अंदाज घेत बसला होता.

त्यांची खरी गाडी म्हणजे बारा-दहा. टाटा १२१०. नावातले बारा म्हणजे गाडी आणि माल मिळून बारा टनांच्या आसपास वजन, आणि दहा म्हणजे शंभराच्या आसपास अश्वशक्ती. आता थोडा हिशेब करते, कारण माझं पुढचं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. खडी, मुरूम, वाळू यांचं आपल्याकडचं माप ब्रास. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. बारा फूट लांब, सात फूट रुंद आणि अडीच फुटांना थोडा कमी उंच असा हौदा केला की त्यात दोन ब्रास बसतात. 'दोन ब्रासची गाडी' हाच तेव्हाचा बाजारातला शब्द. काळ्या दगडाची खडी ब्रासला साडेचार टनांच्या आतबाहेर भरते. म्हणजे दोन ब्रास नऊ टन. नुसती गाडी, लोखंडी हौदा आणि तो उचलणारा जॅक यांचे साडेचार-पाच टन धरा. बेरीज बाराच्या पुढे गेलीच. काटेकोर माप भरलं तरी गाडी कागदावरच्या वजनाच्या बाहेर, आणि काटेकोर माप घेतो कोण? गिऱ्हाइकाला शीग लावून हवं. शिवाय वाघोलीहून कोथरूडला जाईपर्यंत हादऱ्यांनी खडी बसते, हौद्यात चार बोटं खाली जाते, आणि साइटवरचा सुपरवायझर टेप टाकून म्हणतो, "गाडी कमी आहे." म्हणून खाणीतूनच वर शीग चढवून निघायचं.

पण त्या गाडीला स्वतःची एक हद्द होती. तिसरा ब्रास टाकायला गेलात तर पाटे, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगा, सपाट व्हायचे, मेन पाटा तुटायचा, खाणीतून वर येणाऱ्या चढणीवर पहिल्या गिअरातसुद्धा गाडी दम टाकायची. मालकाची हाव गाडीच्या पाट्यांपाशी येऊन थांबायची. मालक भला होता म्हणून थांबायची असं नाही. लोखंडच ऐकायचं नाही.

ती गाडी चालवणं म्हणजे अंगमेहनत. पॉवर स्टीअरिंग नव्हतं. खाणीच्या वाटेवर पुढचं चाक धोंड्यावर चढलं की स्टीअरिंग आपसूक उलटं फिरायचं, हिसका देऊन. ज्याचे अंगठे आतल्या आऱ्यांत अडकलेले, त्याचा अंगठा गेला म्हणून समजा. त्यामुळे वस्तादाचा पहिला धडा: अंगठे आत घालायचे नाहीत, कड्यावर टेकवून ठेवायचे. मामा आता सत्तरीला आलेत. मागच्या दिवाळीत मामेभावाने नवी छोटी कार घेतली, एका बोटाने स्टीअरिंग फिरतं अशी. मामांनी सोसायटीच्या आवारात एक फेरी मारली. दोन्ही अंगठे ताठ, कड्यावर टेकलेले. मामी म्हणाल्या, "अहो, ती काय हिसका देणार नाही आता." मामा म्हणाले, "तिला काय माहीत?"

गिअरचंही तसंच. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, कानाने अंदाज घेऊन रेस द्या, पुन्हा क्लच, मग खालचा गिअर. अंदाज चुकला की गिअरबॉक्स करकरायची आणि वस्तादाची टपली मानेवर बसायची. इंजिन निम्मं केबिनमध्ये घुसलेलं, त्यावर गोणपाट आणि गोणपाटावर क्लीनर. उन्हाळ्यात त्या बॉनेटवर बसून क्लीनरची पार्श्वभूमी कशी तापत असेल ते वेगळं सांगायला नको. क्लीनरची कामंही ठरलेली. गाडी थांबली की खाली उडी, टॉमीने एकेक टायर ठोकायचा, आवाजावरून हवा ओळखायची. आणि मागच्या जोड टायरांच्या मधल्या फटीत दगड अडकलाय का, ते बघायचं. हे काम बाहेरच्यांना क्षुल्लक वाटतं. पण खाणीतून निघालेल्या गाडीच्या जोड टायरात मुठीएवढा दगड अडकून राहिला, तर नगर रोडला वेग घेतल्यावर तो सुटून बंदुकीच्या गोळीसारखा मागे जातो. मागून स्कूटर येत असेल तर संपलं. मामा क्लीनरला पगार द्यायच्या दिवशी विचारायचे, "या महिन्यात किती दगड काढले?" पोरगं आकडा फुगवून सांगायचं. मामांना तेवढंच हवं असायचं. फुगवायला तरी त्याने वाकून बघितलेलं असायचं.

आता भरणी.

खाणीच्या तळाशी गाडी उलटी लावायची, तोंड बाहेरच्या वाटेकडे. हा नियम बारमुळे. ट्रॅक्टरवरच्या कॉम्प्रेसरने दगडात भोकं पाडलेली असायची, त्यात दारू भरली जायची, आणि दुपारी जेवणाच्या वेळेला किंवा संध्याकाळी लाल फडकं हलवत माणूस ओरडत फिरायचा. मग सगळे पांगायचे. त्या वेळी गाडी वळवत बसायला सवड नसते. बार उडून धूळ बसली की वडार कुटुंबं पुढे व्हायची. पुरुष घणाने मोठे धोंडे फोडायचे, बाया आणि हाताशी आलेली पोरं पाट्या भरायची. मागचा फाळका उघडून फळी टेकवलेली. पाटी डोक्यावर, फळीवरून वर, हौद्यात पाटी उलटी, फळीवरून खाली. दोन ब्रास डबर, म्हणजे फोडलेले ओबडधोबड दगड, असं भरायला सहा-आठ माणसांना दीड-दोन तास लागायचे. खडी भरायची असेल तर थोडं लवकर. एवढा वेळ ड्रायव्हरला काही काम नाही. आणि हाच मामांचा 'गाडी भरस्तोवर'.

त्या वेळात ड्रायव्हर माणूस व्हायचा. झोपायचा, कपडे पिळायचा, कुणाकडून तरी पत्र वाचून घ्यायचा, दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर पत्ते खेळायचा, भांडायचा. नंबरात मागे उभ्या असलेल्या गाडीखाली सावली असायची, तिथे पोतं टाकून आडवं व्हायचं. मामा सांगतात, दिवसाला मोजक्याच खेपा व्हायच्या, पण संध्याकाळी घरी येताना अंगात जीव असायचा. मी शाळेच्या सुट्टीत कधीमधी त्यांच्याबरोबर जायचे. मला ती जागा जत्रेसारखी वाटायची.

क्रशरच्या फाट्यावर आता एका मावशींची चहाची टपरी आहे. त्या तेव्हा त्याच खाणीत पाट्या वाहायच्या. मी त्यांना माझी ओळख सांगितली, अमक्यांची भाची म्हणून. मावशी हसल्या. म्हणाल्या, "तुझ्या मामाचं तोंड आता समोर आलं तर म्या वळखणार न्हाई. पाय वळखंन. गाडीखालनं पायच दिसायचे त्यांचे."

चहा उकळेपर्यंत त्या बोलत राहिल्या. भरणाऱ्यांनाही पैसे गाडीवरच मिळायचे. गाडी भरली की हिशेब. नवऱ्याच्या हातात. पाटी उचलून द्यायला कुणी नसलं की गुडघ्यावर, मग छातीवर, मग डोक्यावर अशी तीन टप्प्यांत चढवायची. बाळंतपणानंतर किती दिवसांनी पुन्हा फळीवर चढल्या ते त्यांनी सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही. पोरांना झोळीत टाकून कामाला लागायचं. त्यांच्या धाकट्याला खाणीवरच्या शाळेत पाटीवर अक्षरं काढायला मिळाली. 'संतुलन' संस्थेने वाघोलीच्या खाणींवर पाषाण शाळा काढल्या, त्यातली एक. थोरला तोपर्यंत घणावर गेला होता.

मामांच्या आठवणीतला तो निवांत वेळ कुणाच्या डोक्यावरून वाहून येत होता, हे मी त्यांना एकदा विचारलं. चिडले नाहीत. म्हणाले, "पोरी, आम्ही पण बहात्तरला पाट्याच वाहिल्या." उत्तर म्हणून हे पुरेसं नाही, पण खोटंही नाही.

माल भरण्यापेक्षा ओतणं धोक्याचं. लोक हे उलटं समजतात. साइटवर पोचल्यावर ड्रायव्हर पीटीओचा दांडा ओढतो, इंजिनाची ताकद चाकांऐवजी पंपाकडे जाते, पंप जॅकमध्ये तेल ढकलतो आणि हौदा पुढून उचलला जातो. जमीन सपाट असेल आणि माल कोरडा असेल तर काही नाही, माल मागच्या मागे घरंगळत उतरतो. पण पावसाळ्यात ओला मुरूम हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यात चिकटून बसतो. मागचा माल गेलेला, पुढचा टनभर लगदा वर आभाळात टांगलेला, तोही एकाच बाजूला. त्यात मागचं एक चाक नुकत्याच भरलेल्या मातीवर. गाडी हळूहळू कलायला लागते आणि कलायला लागली की ड्रायव्हरच्या हातात फारसं काही उरत नाही. माल सुटावा म्हणून काही जण हौदा वर असतानाच गाडी मागे घेऊन ब्रेकचा झटका देतात. मामांनी हे करताना एक गाडी आडवी झालेली पाहिली होती. त्यानंतर ते क्लीनरला फावडं देऊन वर चढवायचे, तेही हौदा पूर्ण खाली घेतल्यावर. दुसरी भीती विजेच्या तारांची. मान खाली घालून मागचा फाळका बघत असताना हौद्याचं टोक वर तारेला कधी टेकतं ते कळत नाही. खाली उभा असलेला क्लीनर गाडीला हात लावून असतो. अशा वेळी ड्रायव्हरने केबिनमधून उतरायचं नसतं, आणि जो तो पहिल्यांदा उतरायलाच धावतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, खाणीवर कामं बंद. जॅक, टॉमी, पाने, घण, सुतक्या, कॉम्प्रेसर, सगळं धुऊन एका रांगेत, वर झेंडू. त्या एका दिवशी ड्रायव्हरांची आणि भरणाऱ्यांची हत्यारं शेजारी शेजारी असायची.

एक गोष्ट मात्र या धबडग्यात कुणाला खरी वाटत नाही. आपला दख्खनचा दगड, जो आपण काळा पाषाण म्हणून भिंतीत बसवतो, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्या पोकळ्यांत पाणी मुरून स्फटिक वाढले. बहुतेक पांढरे, काही हिरवट. पण वाघोलीच्या खाणींत एक निळाशार स्फटिक सापडतो, कॅव्हनसाइट नावाचा. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांची आद्याक्षरं जोडून ते नाव केलंय. पहिल्यांदा तो सापडला अमेरिकेत ओरेगॉनमध्ये १९६७ साली, पण जगभरच्या संग्रहालयांतले देखणे नमुने बघाल तर त्यांच्या खाली गावाचं नाव वाघोली असतं. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जाऊन बघा, आपल्या पायाखाली काय होतं ते कळेल.

खाणीत ही माहिती हळूहळू पसरली. आधी पोरं ते निळे तुकडे खेळायला न्यायची. मग कुणी तरी शहरातून येऊन पैसे देऊ लागलं. मग मुकादमाचा डोळा त्यावर. मामांच्या डॅशबोर्डवर खंडोबाच्या तसबिरीपुढे अंगठ्याच्या नखाएवढी एक निळी फुली होती, पांढऱ्या खड्यावर बसलेली. कुणी तरी शंभराची नोट पुढे केली, त्यांनी दिली नाही. पुढे गाडी विकली तेव्हा तसबीर काढून घेतली आणि तो खडा तिथेच राहिला, याची हळहळ अजून आहे. पण मला वेगळंच वाटतं. दुकानापर्यंत किती पोचले असतील? बाकीचे बार उडून, क्रशरच्या जबड्यात चिरडून, वीस एमएमच्या खडीत मिसळून गेले. पुण्यातल्या कुठल्या तरी पुलाच्या खांबात, एखाद्या सोसायटीच्या चौथ्या मजल्याच्या स्लॅबमध्ये ते निळे कण असणार. वास्तुशास्त्रवाल्यांना अजून कुणी हे सांगितलेलं दिसत नाही.

नव्वदच्या दशकात खाणीत लोडर आले, जेसीबी आले, पोकलेन आली. बाया आणि पाट्या गेल्या. काही कुटुंबं गावाकडे परतली, काही बांधकामांवर गेली, मावशींसारख्या एखाद्याने टपरी टाकली. आधी दीड तास लागायचा तिथे दहा मिनिटांत गाडी भरून मोकळी. तोवर शहरालाही घाई झाली होती. एक्सप्रेसवे झाला, खराडी-हडपसरकडे आयटी पार्क उभे राहिले, सगळ्यांना खडी हवी होती, आणि ती कालच हवी होती. मग दहाचाकी हायवा आले. जॅक बनवणाऱ्या डच कंपनीचं ते नाव, आमच्याकडे अख्ख्या गाडीलाच चिकटलं. हौद्याच्या पुढे उभा दुर्बिणीसारखा उलगडणारा जॅक, पॉवर स्टीअरिंग, एअर ब्रेक, पावणेदोनशेच्या वर अश्वशक्ती. पाच ब्रास सहज.

सहज म्हणजे काय ते मी काट्यावरून पाहिलंय. मी काही वर्षं एका आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीटच्या, प्लँटच्या वजनकाट्यावर पावत्या फाडायच्या कामाला होते. तीन आसांच्या गाडीला तेव्हा गाडीसकट २५ टनांची मर्यादा होती. २०१८ साली ती २८.५ झाली. पाच ब्रास खडीच बावीस टन भरते, आणि रिकामी गाडी दहाच्या पुढे. पडद्यावर तेहतीस-चौतीसचा आकडा आला की नव्याने लागलेली मी दचकायचे. नंतर सवय झाली. बारा-दहाच्या वेळेलाही गाड्या जास्त भरायच्याच, ते वर लिहिलंय. फरक हा की तेव्हा गाडी मध्ये पडून 'आता बास' म्हणायची. हायवा म्हणत नाही. तिचे पाटे तुटत नाहीत, तिचं इंजिन दमत नाही, भरणाऱ्या माणसांचा हात दुखत नाही, तिला रात्र चालते. शहरात गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांना बंदी, म्हणजे कामच रात्रीचं. सगळ्या साखळीत थकणारी एकच वस्तू उरली, ती म्हणजे स्टीअरिंगमागचा माणूस. आणि त्याचा पैसा अजून खेपेवरच.

'भरधाव डंपरने चिरडलं' ही ओळ आमच्या भागात इतक्यांदा छापून येते की लोक पान उलटतात. २०२४ च्या डिसेंबरात मात्र कुणाला उलटता आलं नाही. केसनंद फाट्यापाशी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर रात्री डंपर गेला, तिघांचा जीव गेला, त्यात दोन चिमुकली मुलं. चालक दारू प्यायलेला होता, असं पोलिसांनी सांगितलं. मामा दोन दिवस जेवले नाहीत नीट. त्या माणसाची बाजू घ्यायची माझी तयारी नाही, मामांचीही नव्हती. पण आमच्या गल्लीत त्या आठवड्यात जे चाललं होतं, की ही जातच तशी, हे डंपरवाले म्हणजे राक्षसच, ते ऐकताना मला काट्यावरच्या रात्री आठवत होत्या. पहाटे तीनला खिडकीशी येऊन पावतीवर सही करताना उभ्या उभ्या डुलकी घेणारी पंचविशीची पोरं. चहा हवाय का विचारलं तर म्हणायची, "नको मॅडम, थांबलो तर खेप जाईल."

कागदांचं लचांडही त्यांच्याच गळ्यात. गौण खनिजाचा वाहतूक पास मालकाने काढायचा, पण तो नसेल तर रस्त्यावर सापडतो ड्रायव्हर. तलाठी, मंडल अधिकारी, तहसीलदारांचं पथक, जमीन महसूल संहितेचं कलम ४८, गाडी तहसील कचेरीच्या आवारात उभी. मालक फोनवर म्हणतो, "तू थांब, मी बघतो." दोन-दोन दिवस ड्रायव्हर गाडीतच. मामांच्या काळी हे नव्हतं असं नाही, तेव्हा जकात नाक्यावर व्हायचं. वाट बघण्याचा हा प्रकार मात्र त्यांच्या आठवणींत कधी येत नाही. इथे झोप लागत नसणार.

खाणीही सरकत गेल्या. एकेकाळी दगड शहराच्या उशाला मिळायचा. पाषाण, बावधन, वेताळ टेकडी. टेकडीवरची जुनी खाण आता पावसाळ्यात पाण्याने भरते, लोक सकाळी फिरायला जातात, फोटो काढतात. त्याच टेकडीवर एआरएआय आहे, देशातल्या गाड्यांची चाचणी घेणारी संस्था. एका डोंगरावर दोन्ही, दगड काढून रिकामी झालेली खाण आणि गाड्या तपासणारी प्रयोगशाळा. मामांना तिथे फिरायला नेलं तेव्हा त्यांना याचं काही कौतुक वाटलं नाही. त्यांनी खाणीच्या कड्याकडे बघून फक्त एवढं सांगितलं की इथून भरलेली गाडी वर काढायला वाट फार खडी असणार, पहिला गिअर सोडून चालणार नाही. पुढे आता वाघोलीतही सोसायट्या खाणींच्या काठापर्यंत आल्यात. रहिवासी धुळीच्या तक्रारी करतात. तक्रार रास्त आहे. ज्या खडीवर त्यांचा फ्लॅट उभा आहे ती तिथूनच आली, म्हणून त्यांनी धूळ खावी असं थोडंच आहे?

माझा मामेभाऊ हायवावर आहे. त्याची गाडी नवी आहे, एसी केबिन, मालकाच्या मोबाइलवर जीपीएस. गाडी दहा मिनिटं एका जागी उभी राहिली की फोन येतो. तो मामांच्या गोष्टींना वैतागतो. "तुम्ही झोपा काढायचात, पप्पा. आम्ही कमावतो." पैशांचं म्हणाल तर तो खरंच जास्त कमावतो. त्याच्या कंबरेला पट्टा आहे, तिशीत.

गेल्या महिन्यात तो घरी आला होता, सकाळी, रात्रीच्या खेपा मारून. मी त्याला जेवता जेवता सांगत होते की आपल्याकडे १९६१ सालापासून मोटार परिवहन कामगार कायदा होता, २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या कामगार संहितेने त्याची जागा घेतली. त्यात होतं, पाच किंवा जास्त कामगार असतील तिथे दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, आणि सलग पाच तासांच्या वर काम नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती. एकसष्टपासून लिहून ठेवलेलं होतं हे. मामा म्हणाले, "आमाला कुणी सांगितलं नव्हतं. आमचं तसंच व्हायचं."

मामेभावाने भाकरीचा तुकडा मोडत विचारलं, "ताई, तो अर्धा तास खेपेत धरतात का?"